उसने हात

“माहे हात उसने हायेत, बाई.”

रुखमा हे वाक्य कोणालाही ऐकवायची. शिशुगृहात आलेली एखादी पाहुणी तिच्या कडेवरचं बाळ पाहून म्हणाली, “किती लळा लागला हो याला तुमचा,” की रुखमा बाळाची मान सावरत तेवढंच बोलायची. नवीन लागलेल्या आयांना अंघोळ घालायला शिकवताना हेच सांगायची. रात्रपाळीच्या बाईच्या हाती पोर देतानाही हेच. म्हणताना तिची मान ताठ असे. वाक्य तिने स्वतः जुळवलं होतं आणि त्याचा तिला अभिमान होता.

सानगडीला तिच्या माहेरी उसनं मागायला कोणी लाजत नसे. वाटीभर साखर, सुपभर तांदूळ, मिरच्या कुटायला मुसळ. परत करताना मात्र वाटी काठाच्या वर भरलेली लागे. सपाट वाटी घेऊन निघालेल्या रुखमाला तिची आई उंबऱ्यावरून मागे बोलवायची आणि आणखी एक मूठ टाकायची. विधवा होऊन रुखमा भंडाऱ्याला आली, जवाहरनगरच्या रस्त्याला लागून असलेल्या या शिशुगृहात आया म्हणून राहिली, आणि आईची ती रीत तिने पोरांना लावली. टाकलेलं, सापडलेलं, कोणी मुकाट आणून ठेवलेलं पोर तिच्या हाती सपाट येई. ती त्याला न्हाऊ घाली, भरवी, बोलायला शिकवी. दत्तक घेणारे आईबाप आले की पोर काठाच्या वर भरून त्यांच्या ओटीत टाकी.

त्या टाकण्यालाही तिची एक रीत होती. तिला ती ‘उतरवनी’ म्हणायची. पोर जायचं ठरलं की एकाएकी द्यायचं नाही, हळूहळू कडेवरून उतरवायचं. आधी दुसऱ्या आयेच्या हातून घास भरवायचा. मग झोपवायला दुसरी. भिंतीवर नव्या आईबापांचा फोटो, उठल्या-बसल्या त्यांचंच नाव. पोराने हात वर केले तरी आपण कामात आहोत असं दाखवायचं. रुखमाने उतरवलेलं पोर जाताना रडत नाही, अशी तिची ख्याती होती.

एकदाच तिला वेळ मिळाला नाही. अश्वजित नावाचं दोन वर्षांचं पोर होतं. कागद भराभर झाले, लांबच्या गावचे आईबाप गाडी घेऊन दारात उभे राहिले, आणि अश्वजितने रुखमाचा पदर मुठीत धरला. एकेक बोट उकलावं लागलं. गाडी गेली. त्यानंतर कितीतरी दिवस रुखमाला आपल्या कमरेची डावी बाजू थंड पडल्यासारखी वाटे. भाकरी थापताना ती उगाच तिथे हात लावून पाही. हे तिने कोणाला सांगितलं नाही. हात उसने आहेत म्हणणाऱ्या बाईने असलं काही सांगायचं तरी कसं?

मग गुंजन आली.

गुंजन सरकारी दवाखान्यातून आली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती, आणि तिचा डावा पाय आत वळलेला होता. नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं. पायाला प्लास्टर असेपर्यंत रुखमा दवाखान्यात तिच्या खाटेखाली झोपली. पाय बराच सरळ झाला, चालताना थोडी लचक राहिली. शिशुगृहातली सगळी पोरं रुखमाला मावशी म्हणत. एखादं चुकून ‘माय’ म्हणालं तर रुखमा लगेच दुरुस्त करी. गुंजनने पहिला शब्द उच्चारला तो ‘माय’, आणि तिला मात्र रुखमाने दुरुस्त केलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणत तिने तो शब्द ऐकत राहण्याची चैन केली.

सकाळी फॅक्टरीच्या बसा रस्त्याने जात. गुंजन खिडकीच्या गजांना धरून हात हलवी. बसमधल्या एकाने जरी हात हलवला तरी ती ओरडे, “माय, मले टाटा केला!” आणि रुखमा जिथे असेल तिथून म्हणे, “ओ.”

आपल्याकडची जोडपी गुंजनची माहिती वाचत आणि पायाशी येऊन थांबत. असं करता करता ती पाच वर्षांची व्हायला आली. सहा पूर्ण झाली की तिला मोठ्या मुलींच्या बालगृहात, दुसऱ्या गावी, जावं लागलं असतं. अशात समुद्रापलीकडच्या एका थंड देशातल्या जोडप्याने तिला पसंत केलं. त्यांनी फोटो पाठवला. उंच माणूस, पिवळ्या केसांची हसरी बाई आणि त्यांच्या पायांशी भला मोठा कुत्रा. गुंजनने कुत्र्याचं नाव मोती ठेवलं.

“अजून बरंच बाकी आहे,” अधीक्षक निर्मलाबाई रुखमाला म्हणाल्या. त्या कागदाच्या पक्क्या, मनाच्या मऊ. “दिल्लीची परवानगी, मग इथला आदेश, मग पासपोर्ट. आदेश हातात येऊ दे, मग तुझी उतरवणी सुरू कर.”

“धानाचे परे उपडल्याबिगर रोवनी होते का, बाई?” रुखमा हसून म्हणाली. “आदेश येतेच. माहं काम मले करू द्या.”

आणि तिने त्याच आठवड्यात सुरुवात केली. सगळ्यांना वाटलं, रुखमा कामाची किती चोख! खरं कारण फक्त रुखमाला ठाऊक होतं. कमरेच्या डाव्या बाजूला ती थंडी आधीच जाणवू लागली होती. गुंजन गेल्यावर आपलं काय होईल, याची तिला धास्ती बसली होती. पोर दूर करायची घाई पोरीसाठी नव्हती. ती तिच्या स्वतःसाठी होती.

“मले माय नाही म्हनाचं,” तिने गुंजनला बजावलं. “मी मावशी. तुही ममा ते फोटोतली.”

“ममा बी आन माय बी,” गुंजन म्हणाली.

“दोन नसतेत.”

गुंजन ऐकेना. मग रुखमाने ‘माय’ या हाकेला ओ द्यायचं सोडलं. मावशी म्हटलं तर वळायचं, माय म्हटलं तर बहिरं व्हायचं. एके सकाळी नळाजवळच्या शेवाळावरून गुंजनचा कमजोर पाय सटकला. गुडघा फुटला. “माय!” ती ओरडली. “माय वं!”

रुखमा पोछ्याची बादली घेऊन तिच्या शेजारूनच जात होती. तिला गुडघ्यावरचं रक्त दिसलं. ती थांबली नाही. मान न वळवता ती पुढे गेली, मोरीत शिरली, बादली ओतली आणि नळ सुरू करून उभी राहिली. बादली भरून पाणी वाहू लागलं तरी उभीच. बाहेर आली तेव्हा गुंजन भिंतीला धरून आपली आपण उठलेली होती.

“मावशी,” ती म्हणाली, “मी पडली.”

रुखमाने तिचा गुडघा धुतला, हळद लावली. दुपारी स्वयंपाकघरात जाऊन तिने सुखरामला सांगितलंसुद्धा. सुखराम तिथला जुना स्वयंपाकी, जिभेचा तिखट. “झालं गुंजनचं,” रुखमा म्हणाली. “आता कोनाच्या बी हाती देता येते तिले.”

“तुह्या हातून तं गेली म्हनायची,” सुखराम वरणात पळी फिरवत म्हणाला.

त्यानंतर गुंजनच्या तोंडून तो शब्द कोणी ऐकला नाही.

पुढे त्या थंड देशात निवडणूक झाली. भंडाऱ्यात कोणाला तिचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. नवं सरकार आलं आणि त्याने बाहेरच्या देशांतून मुलं दत्तक घेणं थांबवलं. ज्यांचा शेवटचा आदेश झालेला नव्हता, ती प्रकरणंही तिथेच थबकली. निर्मलाबाई फोन ठेवून बराच वेळ खुर्चीतच बसून राहिल्या. मग त्यांनी रुखमाला बोलावून सांगितलं.

रुखमाला समजेना. “त्याईचं मन फिरलं का?”

“त्यांचं नाही गं. त्यांच्या सरकारचं.”

“पन पोरगी तं त्याईची झाली होती.”

“कागदावर नव्हती झाली.” निर्मलाबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. “आणि त्या सरकारचंही सगळंच चुकतं असं म्हणता येत नाही. मागे कुठे कुठे खोट्या कागदांवर मुलं नेली, खऱ्या आईबापांना फसवलं. ती मुलं आता मोठी झालीत, विचारतायत, आम्ही कोणाचे. म्हणून त्यांनी दारच लावून घेतलं.”

सुखराम दारातून ऐकत होता. “आपल्याकडे सरकार बदललं तं लय झालं तं रस्त्याचा ठेकेदार बदलते,” तो म्हणाला. “तिकडं बदललं आन आपल्या पोरीची मायच बदलली. अन रुखमाबाई परे उपडून बसल्या शेताच्या धुऱ्यावर. रोवाची बांधीच नेली दुसऱ्यानं.”

एरवी रुखमाने त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी ती त्याच्या बाजूने बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन ती बसस्टँडजवळच्या एका कार्यालयात गेली. तिथे योगेंद्र बसायचा. मोहाडीकडचा पोरगा, पक्षाचं काम करायचा, कोणाला रेशनकार्ड, कोणाला दवाखान्याची चिठ्ठी मिळवून द्यायचा. खुर्चीमागे हार घातलेले फ्लेक्स, टेबलावर चहाचे कप, भोवती चार रिकामी माणसं.

“भाऊ, एक चिठ्ठी पाहिजे,” रुखमा म्हणाली.

“कोनाच्या नावानं, मावशी?”

“सरकारच्या.”

“कोनतं खातं?”

“आपलं नाही, त्याईचं सरकार.” तिने देशाचं नाव सांगितलं. निर्मलाबाईंकडून घोकून आणलं होतं, तरी अर्धंच नीट आलं. “म्हना का पोरगी तयार करून ठेवली हाये, फोटोतल्या बाईले ममा म्हनते, कुत्र्याचं नाव बी ठेवलं. येवढी एक जाऊ द्या, मंग खुशाल बंद करा.”

भोवतीची माणसं हसली. योगेंद्र हसला नाही. त्याने तिच्यापुढे चहा सरकवला. “मावशी, माही चिठ्ठी तुमसरच्या पुढं कोनी वाचत नाही.”

“तुमच्या सायबाची?”

“तठी आपला उमेदवारच उभा नसते ना.”

“मी दर टायमाले मत देतो, भाऊ. एकदा बी चुकली नाही.”

“तठी नाही ना दिलं तुमी, मावशी.”

चहा संपवून ती बाहेर आली. ज्यांनी मतं दिली, त्यातल्या कोणाला गुंजन माहीत नव्हती. त्यांचा राग तरी कसा करावा? तिला रागासाठी जवळचं माणूस हवं होतं, आणि रस्ताभर शोधून तिला एकच सापडलं. सरकारने पोरीची ममा थांबवली होती. माय काही सरकारने काढून घेतली नव्हती.

ते जोडपं एकदा व्हिडिओवर बोललं. पिवळ्या केसांची बाई रडत होती, दुभाषी बाई चाचरत सांगत होती. गुंजन मोतीला दाखवा म्हणाली. मोतीला दाखवलं. मग फोन बंद झाला आणि पुन्हा आला नाही. फोटो भिंतीवरच राहिला. तो काढायला रुखमाचा हात उचलेना. निर्मलाबाई म्हणाल्या, “तू कशाला मनाला लावून घेतेस? तू तिच्या भल्यासाठीच केलंस.” रुखमाला हे ऐकवेना. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

गुंजन आता मुकाट जेवायची. बसा जाताना खिडकीत उभी राहायची, पण हात हलवायची नाही. एकदा रुखमा तिची वेणी घालत असताना एक पाहुणी आली आणि नेहमीसारखं काहीतरी कौतुकाचं बोलली. रुखमाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “माहे हात उसने हायेत, बाई.”

पाहुणी गेल्यावर गुंजनने मान वळवून विचारलं, “मावशी, मंग तुहे सोताचे हात कोठी हायेत?”

रुखमाच्या हातातली वेणी सुटली. त्या दिवसापासून तिने ते वाक्य टाकून दिलं.

पोरीचं नाव पुन्हा आपल्याकडच्या यादीत आलं, आणि यावेळी पायाशी न थांबणारं एक जोडपं भेटलं. मोहाडीची रीता आणि तिचा नवरा कुंदन. घरी कोशाच्या रेशमाचे माग, साड्या विणून विकायचा तीन पिढ्यांचा धंदा. निर्मलाबाईंनी पायाची गोष्ट काढली तेव्हा रीता म्हणाली, “पायाचं काय, बाई. माह्या सासऱ्याचे दोन्ही पाय धडधाकट हायेत, तरी ते घराच्या बाहेर निंगत नाहीत.”

गुंजनला समोर आणलं. रीताने कोशाच्या चिंध्यांची बाहुली आणली होती. गुंजनने बाहुली घेतली, नीट पाहिली आणि परत दिली.

“माही ममा तठी हाये,” तिने भिंतीकडे बोट दाखवलं. “तिच्यापाशी मोती हाये. तुमी मावशी हायेत का?”

रीता हसली, मग तिचं हसू विझलं. ती पुढे झाली तशी गुंजन दारामागे सरकली. तासभर सगळ्यांनी समजावलं, ती तिथून हलली नाही. तिने रुखमाकडेही पाहिलं नाही. आधी असं काही झालं की पोरं रुखमाच्या लुगड्यात तोंड खुपसत. गुंजन भिंतीला धरून उभी होती.

फाटकाशी रीता निर्मलाबाईंना म्हणाली, “पोरीचं मन भरलेलं हाये, बाई. आमी कोठी बसाचं? चार-आठ दिवसांत सांगतो, पन मले नाही वाटत.”

ही दोघं परत गेली तर दुसरं कोण येणार होतं? आणि गुंजनला सहा पूर्ण व्हायला फार दिवस उरले नव्हते.

रुखमा मोहाडीच्या बसमध्ये बसली ती कोणाला न विचारता. असं जायची रीत नव्हती. निर्मलाबाईंना कळलं असतं तर नोकरीवर आलं असतं. पत्ता विचारत ती विणकरांच्या गल्लीत पोचली. ओसरीवर एक म्हातारा चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरत होता. हे रीताचे सासरे बाबूलाल. आत मागापुढे रीता बसलेली, बोटांना राख लावून एकेक धागा दुसऱ्या धाग्याला पीळ देऊन जोडत होती.

“मावशी? तुमी?” रीता उठू लागली.

“बस, बाई. मी सांगाले आली, पोरीचा कसूर नाही.” रुखमा उंबऱ्यावरच टेकली. “ते मले माय म्हने. मीच तोडलं. पोरगी पडली होती, गुडघ्यातून रगत निंगत होतं. माय माय करत होती. मी बादली घेऊन बाजूनं गेली आन पाहिलं नाही.”

“काहून?” रीताचा आवाज बदलला.

“ते गेल्यावर मले दुःख होऊ नाही म्हनून.”

हे ती पहिल्यांदाच कोणापुढे बोलली होती. रीताने तिच्याकडे असं पाहिलं की रुखमाने डोळे खाली घातले. ओसरीवरच्या चरख्याची कुरकुर थांबली.

“हे पाहा,” बाबूलालने मागाकडे हात केला. “साडी झाली का कापून घेतो आमी. पन जुन्या तान्याचं, उभ्या धाग्याईचं, टोक फनीत तसंच ठेवतो. त्याच टोकाले नवा ताना सांधाचा. म्हनून माग चालू राहते.”

“आन टोक बी कापलं तं?”

“तं पुरी फनी नव्यानं भरा. एकेक धागा.”

“भरता येते पन?”

“येते ना. डोये फुटतेत, कंबर मोडते. पन येते.”

रीताने बोटांची राख पदराला पुसली. “तुमचा राग आला मले, मावशी,” ती म्हणाली. “खोटं कायले बोलू.” मग थोड्या वेळाने, “भरून पाहा. आमी थांबतो.”

परत आल्यावर रुखमाने गुंजनला फोटोखाली बसवलं आणि जे झालं ते सांगितलं. ममा येणार नाही. तिला यायचं होतं. सरकारने नाही म्हटलं.

“सरकार कोन हाये?”

“मोठी मानसं असतेत.”

“तुह्यावानी?”

रुखमाने मान हलवली. ती हो होती की नाही, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

“मी चुकली का?”

“नाही वं माही बाई. तू नाही. मी चुकली. तू आता मले माय म्हन. मी ओ देतो.”

“नाही,” गुंजन अगदी शांतपणे म्हणाली. “तू पाहत नाही.”

मारूनमुटकून ओठांवर आणता येईल असा तो शब्द नव्हता. रुखमा वाट पाहू लागली. गुंजन काही न म्हणता नुसती खाकरली तरी ती ‘ओ’ म्हणायची. इतर पोरं हसायची. सुखराम म्हणाला, “बाईले भूत लागलं.”

मग एका दुपारी गुंजन वाळूत खेळायची लाल प्लास्टिकची बादली घेऊन आली. “मावशी, खेळ खेळू. तू गुंजन हो. नळापाशी पड.”

रुखमा नळापाशी गेली. पन्नाशी ओलांडलेली, गुडघे धरलेली बाई, ओल्या फरशीवर बसली.

“तशी नाही. पुरी पड. आता माय म्हन.”

“माय,” रुखमा म्हणाली.

“जोरानं.”

“माय! माय वं!”

गुंजन बादली घेऊन तिच्या शेजारून लचकत गेली. मान सरळ, डोळे समोर. मोरीत शिरली, रिकामी बादली ओतली, तिथे उभी राहिली. अगदी तेवढाच वेळ उभी राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, “आता तू मावशी म्हन. म्हन, मी पडली.”

“मावशी, मी पडली.”

स्वयंपाकघराच्या दारात सुखराम उभा होता. हातात पळी होती. एरवी त्याच्या जिभेवर काही तिखट आलं असतं; या वेळी तो आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ. तिसऱ्या दिवशीही. ओल्या फरशीने रुखमाची पाठ धरली. निर्मलाबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लोटून घेतली. पडल्या पडल्या रुखमाला कळत गेलं की जमिनीवरून पाहिलं तर जाणाऱ्या बाईची फक्त पावलं दिसतात. ती थांबतील असं प्रत्येक वेळी वाटतं. खेळ आहे हे माहीत असूनही वाटतं. हाक खोटी राहीना. ओरडता ओरडता ती खरंच आपल्या मेलेल्या आईला हाक मारू लागली.

किती दिवस चाललं, तिने मोजलं नाही. एका दुपारी ती “माय” म्हणाली आणि लहान पावलं तिच्या कानाजवळ थांबली. लाल बादली फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. गुंजन खाली बसली आणि रुखमाचा गुडघा उघडा करून पाहू लागली.

“रगत नाही निंगालं,” ती म्हणाली. “तरी हळद लावू?”

“लाव.”

“लय दुखते का, माय?”

“ओ,” रुखमा म्हणाली. विचारलं एक, उत्तर दिलं भलतंच.

रीता पुन्हा आली, तेव्हा रुखमाने उतरवनी केली नाही. गुंजन तिच्या कडेवरच होती. एक घास रुखमाने भरवला, एक रीताने. बाहुली दोघींनी मिळून नेसवली. रीता आठवड्याच्या बाजारासारखी नेमाने येत राहिली. कोणी कोणाकडे पाठ केली नाही. फोटो गुंजनने स्वतः भिंतीवरून काढला आणि मोती मुडपणार नाही असा आपल्या कपड्यांत ठेवला. यथावकाश पोरगी मोहाडीला न्यायची परवानगी झाली, आणि निर्मलाबाईंनी रुखमाला सोबत धाडलं. “तुझी रीत आता बदलली म्हणतात,” एवढंच त्या बोलल्या.

मोहाडीच्या घरात गुंजनने आधी बाबूलालचा चरखा धरला. मग मागाखाली शिरून पाहिलं. रीताने आग्रहाने रुखमाला जेवू घातलं. जेवण झाल्यावर रुखमा लपून निघाली नाही. गुंजनजवळ जाऊन बसली. “मी जातो आता.”

“कोठी?”

“भंडाऱ्याले. तठी बाकीचे हायेत ना.”

गुंजनने विचार केला. “मंग येजो.”

“येतो.”

ती ओसरी उतरून गल्लीला लागली. सावकाश चालत होती. गल्लीच्या अर्ध्यावर गेली असेल, तोच मागून आवाज आला, “माय!”

रुखमा वळली. सगळ्या अंगाने वळली. “ओ!”

त्याच वेळी आतून रीताही म्हणाली, “ओ!” आणि दारात आली.

गुंजन ओसरीवर उभी होती. कांडीचा धागा तिच्या दोन्ही हातांना गुंडाळला गेला होता. तिने एकदा गल्लीत पाहिलं, एकदा दाराकडे. मग गुरफटलेले हात तिने रीतापुढे केले. रीता जवळ होती. ती उकिडवी बसून धागा सोडवू लागली, आणि सोडवता सोडवता तिने गल्लीकडे पाहिलं. रुखमाने हातानेच ‘असू दे’ अशी खूण केली.

ती वळली आणि चालू लागली. दोघी धाग्यात गुंतल्या होत्या. तिला जाताना एकटा बाबूलाल पाहत होता. चरख्यावरचा त्याचा हात थांबलेला होता. रुखमाचा उजवा हात चालताना हलत होता. डावा कोपरात वाकून कमरेशी तसाच राहिला होता, कडेवर कोणी असल्यासारखा. तिला ते कळलेलं दिसत नव्हतं. हाक मारून सांगावं असं बाबूलालच्या मनात आलं, पण ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तो नुसता पाहत राहिला.